नऊ लिटर

कारखान्याच्या भिंतीवर, घड्याळाखाली,
नऊ लिटर पाणी टांगलेलं आहे.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही पहाटे तीनला, खोकत.
म्हणून ते लाल नळकांडं पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा मनात हिशेबच आला:
एक कळशी, काठोकाठ.

वीरेशम वायरमननं शिकवलं होतं,
पगाराच्या रांगेत, कोणी ऐकत नसताना.
"हे कापसाचं औषध. टॉवेल, पुठ्ठा, लाकूड, चिंधी.
तेलाला नाही. वायरीला तर नाहीच नाही.
चालू विजेवर मारशील
तर धार धरून ती तुझ्याकडे येईल,
पाव्हणीसारखी, न विचारता."
आम्ही हसलो. यल्लव्वा सगळ्यात जास्त.

मग मार्गशीर्षातली ती रात्रपाळी.
सात नंबरच्या मागाखाली साठलेला भुरा
आधी नुसता पिवळा झाला,
मग तडतड बोलायला लागला.
शेजारी गठ्ठ्यांची थप्पी, पांढरीशुभ्र, उद्या जायची.

मी शिलाई सोडून धावले. खिळ्यावरून उतरवलं.
जड, कडेवर झोपलेल्या पोरासारखं.
आणि थांबले.
माग अजून धडधडत होता.
"मेन पाडा!"
आवाज माझा, शब्द वीरेशमचे.
खटका पडला. सगळे धोटे एकदम मुके.
उजेड उरला तो आगीचाच.

दार पाठीशी ठेवलं.
पिन ओढली; बोट कापलं ते सकाळी कळलं.
ज्वाळेकडे बघायचं नाही, ती डोळ्यांना खेळवते.
तिचं बूड बघायचं.
सात-आठ पावलांवरून, बुडाशी, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
अंगणात सडा टाकतात तशी धार.
मिनिटभर पुरतं म्हणे. मला तर
आख्खा उन्हाळा गेल्यासारखा वाटला.
नसती विझली तर टाकून पळायचं,
हेही सांगितलं होतं त्यानं.
विझली.

यल्लव्वा पदरानं तोंड पुसत म्हणाली, "झालं."
झालं नव्हतं.
गठ्ठा वरून भिजतो, पोटात धुमसतो,
सासुरवाशिणीसारखा.
ओढून अंगणात नेला, दोऱ्या कापल्या, घडी न् घडी उलगडली.
मधोमध एक लाल डोळा, अजून जागा.
त्यावर आमचा पिण्याचा पिंप रिकामा केला.
कोणी हं की चूं केलं नाही.
अक्कलकोट रोडवरून बंब आला
तेव्हा आम्ही कोरड्या घशानं
ओल्या टॉवेलांवर बसलो होतो.

नळकांडं भरून परत आलं,
आमच्या नळाच्या आधी.
आता रोज पाळीला लागताना मी खाली उभी राहते,
काटा हिरव्यात आहे ना, बघते.
मग सुईत दोरा ओवते.