हातचा एक

सकाळी त्यानंच दाखवली होती मला ती तार,
चहाचा मग घळीकडे रोखून :
"तामाटी, ती बघ. थोरल्या प्रेबलनं ताणलेली,
पलीकडची लाकडं अलीकडे घसरवायला.
म्हातारा गेला, लाकडं संपली, ही राहिली."
मग नकाशावर पेन्सिलीनं एक रेघ मारली
आणि नकाशा मांडीला पट्ट्यानं बांधला.

मी लोडरवर. अकरा हंगाम
त्याच्या हेलिकॉप्टरखाली लोंबणारी बादली भरतोय.
येते, ओततो, जाते.
मधे मिनिटभर. तेवढ्यात सिगारेट ओढून होत नाही,
नुसती पेटते.
रांगिटिकेईच्या या टेकड्या इतक्या उभ्या
की मेंढ्यासुद्धा आडव्या चालतात;
खत वरूनच पडायला हवं.

रेडिओवर ड्युगल काही ना काही बोलत राहायचा.
धाकटीचा दात. उसना नेलेला पंप.
शेवटचं म्हणाला, "ऊन डोळ्यावर येतंय रे,
अजून दोन टाकू, मग जेवू."

धडाका झाला असणार. मला तो आठवत नाही.
आठवतं ते थांबणं :
पात्यांचा आवाज दिवसभर कानात इतका मुरलेला
की तो गेला तेव्हा वाटलं
मीच बहिरा झालो.
मग कुठूनतरी एक मेंढी ओरडली.

वेलिंग्टनहून चौकशीला बाई आल्या. बूट नवे होते.
"त्यांना तार माहीत होती ?"
होती.
त्यांनी लिहून घेतलं, आणि थोड्या वेळानं
तेच पुन्हा विचारलं,
जणू माझं उत्तर चुकलं होतं.

घळीत बादली फुटली तिथलं गवत
आठवड्यात पिवळं पडून जळालं.
एका जागी जास्त झालं की खतही जाळतं,
हे प्रेबलच्या सुनेनं मला समजावून सांगितलं,
मला, आणि मी मान हलवली.
तारेवर आता केशरी गोळे लावलेत. तीन.
फार लांबून दिसतात.

"सकाळपासून किती खेपा झाल्या होत्या ?"
बाईंचा शेवटचा प्रश्न.

त्या दुपारी लोडरचा हात मी वर धरून ठेवला होता,
भरलेला, त्याच्या वाटेकडे.
पोलीस येईपर्यंत इंजिन बंद पडलेलं
आणि तेलाचा दाब हळूहळू सुटत
तो आपोआप खाली येत होता,
बोट, बोट, जमिनीला टेकेपर्यंत.

अडतीस, बाई.
आणि हातचा एक.