तेरगाठी साहेब

तुम्ही पत्रात विचारलंय,
साहेबांच्या कारकिर्दीतलं कोल्हापुरात काय सापडेल.
जहाजांची नावं आमच्याकडे नाहीत.
पावलं आहेत.
पत्र्याच्या ट्रंकेत, नऊ कागद.

पहिला एकोणीसशे एकतीसचा.
मुंबईला जहाज डागडुजीला लागलेलं,
म्हणून लेफ्टनंट ट्रेगार्थन आठ दिवस इकडं
कुस्ती बघायला.
खासबागेच्या चिखलात बूट गेले
आणि गोरा अनवाणीच आमच्या गल्लीत शिरला.
माझ्या आज्ज्यानं, धोंडू सातपुत्यानं,
त्याला कागदावर उभं केलं, पेन्सिल फिरवली.
गुदगुल्या झाल्या त्याला,
हे आज्जा मरेपर्यंत सांगायचा.
नाव जिभेवर बसेना. तेरगाठी म्हणाला.
तेच राहिलं.

मग टपालानं कागद यायला लागले.
माल्टा, त्रिंकोमाली, हाँगकाँग.
आपलं पाऊल आपणच गिरवलेलं,
टाचेशी रेघ थरथरलेली. बहुतेक समुद्र हलत असावा.
पोस्टमास्तर हुपरीकर वाचून दाखवायचे, कमांडर झालाय.
आज्जा कागद उजेडात धरायचा:
"चवडा बी वाढलाय. उभं ऱ्हायचं काम दिसतंय."

बाभळीच्या सालीत मुरलेलं चामडं, सात पदरी वेणी,
आत विंचू, करकर वाजायला.
साहेबानं कळवलं, रात्री ही घालून डेकवर आलो
की पहाऱ्यावरचे दचकून ताठ होतात.
पुढच्या जोडात आज्ज्यानं विंचू दुप्पट घातले.

सातव्या कागदावर एकच पाऊल. डावं.
साल बेचाळीस.
कोऱ्या बाजूला दोन ओळी:
उजवीची आता गरज नाही,
पैसे पुऱ्या जोडाचे पाठवतोय.
आज्ज्यानं दोन्ही केल्या. जोड म्हणजे जोड.
एकीची वेणी घालताना हात दुसरीची वाट बघतो.
डावी बोटीनं गेली.
उजवी खुंटीला.

त्यानंतर साहेब वरच चढत गेला.
कॅप्टन, पुढं रिअर ॲडमिरल,
पाकिटावरचं नाव हुपरीकरांना दोन दमात वाचावं लागे.
जहाज मात्र परत मिळालं नाही, टेबल मिळालं.
हे कुणी लिहिलं नव्हतं.
डावी एकदा दुरुस्तीला आली, चार वर्षं वापरलेली,
आणि टाच कोरी.

लढाई संपल्यावर कधीतरी
राधानगरीकडचा यशवंता चौगुले कुबडीवर आला,
डावा पाय इटलीत ठेवून.
अर्धी चप्पल मिळंल का, म्हणाला, अर्ध्या पैशात?
आज्जा काही बोलला नाही. खुंटीवरची काढली.
बोटभर लांब झाली, पुढं कापूस कोंबला.
गंगावेशीपर्यंत करकर ऐकू येत होती.

साहेबानं एकदाच विचारलं, एक्कावन्न साली,
उजव्यांचं काय करता?
आज्ज्याचं उत्तर मास्तरांनी इंग्रजीत घातलं:
"चालत्यात. चौगुले घालतो."

नववा कागद त्यानंतरचा.
डावं पाऊल, म्हातारं, अंगठा आत वळलेला.
बाजूला लिहिलंय:
उजवीचं माप त्याचं घ्या.

आज्ज्यानं चौगुलेला त्याच कागदावर उभं केलं.
म्हणून तिथं दोन पावलं आहेत,
आणि ती एका माणसाची नाहीत.
कारकिर्दीत धरायचं का, तुम्ही ठरवा.

मूळ कागद देणार नाही.
झेरॉक्स पाठवते.