थांबे

पार्डीबाईंचा नवा अल्बम आलाय.
एकतीस वर्षांनी.
पेट्रोलपंपावर, गळाच्या आमिषांच्या डब्यांशेजारी
सीडींची चळत, किंमत हातानं लिहिलेली.
मुखपृष्ठावर त्या नाहीतच.
एक पिवळी बस, निम्मी बर्फात.

ती बस मला माहीत आहे.
डावीकडच्या चौथ्या खिडकीच्या रबरात
माझं च्युइंगम असेल अजून.

त्या गायच्या हे आम्हा पोरांना कुठं ठाऊक होतं!
आम्हाला ठाऊक होता आरशातला त्यांचा एक डोळा,
दोन मोज्यांवर चढवलेले पुरुषी बूट,
आणि एकच वाक्य, रोज दोनदा, नऊ वर्षं:
बसा खाली, निघतेय मी.

सेंट जॉन्सहून एक पत्रकार आला होता म्हणे,
इतकी वर्षं गप्प का, विचारायला.
त्याला हवं होतं एखादं बुडालेलं जहाज,
निदान एखादा नवरा, अगदीच नाही तर दारू.
बाई म्हणाल्या, दाढ दुखत होती.
तो हसला. त्या नाही हसल्या.
दौरा अर्धा टाकून घरी आले, दाढ काढली,
तेवढ्यात कॉडची मासेमारी बंद झाली,
अख्ख्या किनाऱ्यावर पगार देणारी नोकरी उरली एक, ही बसची.
पुढं पोरंच इतका कालवा करायची
की त्यात आणखी माझी भर कशाला?

पहाटेचे चार.
मी बर्फ लोटणारा ट्रक घेऊन फाट्यापासून धक्क्यापर्यंत निघालोय,
आणि केबिनमध्ये बाई.

आवाज गेलाय, खोटं कशाला बोलू.
गंजल्या बिजागरीसारखा दोनदा अडतो,
तिसऱ्यांदा उघडतो.
वरची पट्टी दिसली की लांबूनच हात करतात
ओळखीच्या माणसाला करावा तसा,
आणि खालच्या वाटेनं निघून जातात.
एका गाण्यात मध्येच किटली शिट्टी घालते.
काढून नाही टाकली. उलट
पुढची ओळ तिच्याच सुरात उचलली आहे.

तिसऱ्या गाण्यात तर नुसते थांबे:
जुनं मीठघर, बंगेंचं फाटक, पोस्ट होतं ती जागा,
वळणावरची निळी पिंपं.
प्रत्येक थांब्यावर पोरांची नावं, चढण्याच्या क्रमानं.
लेव्हाय आणि त्याची बहीण, एकाच हातमोज्याच्या जोडीत दोघं.
मग शेवटच्या कडव्यात थांबे तेच, पण नावं नाहीत.
गिटार तेवढी थांबते प्रत्येक ठिकाणी,
दार उघडून मिटायला लागतो
तितकाच वेळ.

लेव्हाय आता अल्बर्टात. तेलावर.
त्याला पाठवायला एक प्रत घेतली आहे, पत्ता तेवढा शोधायचाय.

सातव्याला मात्र मी ब्रेक दाबला.
ही चाल माझ्या ओळखीची.
सत्त्याण्णवचा फेब्रुवारी. बस रुतलेली, बाहेर पांढरं सोडून काही नाही,
अडीच तास आम्ही अकरा जण,
आणि बाई मधल्या वाटेनं येरझारा घालत
एकेकाची पावलं चोळत होत्या.
काहीतरी गुणगुणत होतं तेव्हा,
बारीक, थांबत थांबत, जवळ येई नि दूर जाई.
मी इतकी वर्षं समजत होतो
तो हीटर होता.

म्हणजे गप्प कोण होतं?

समोरच्या दिव्यांत निळी पिंपं.
एकाला झाकण नाही, त्यात बर्फ टोपीसारखा.
माझा थांबा. कोणी उभं नाही, उभं असणार तरी कोण,
शाळाच आता तीस मैलांवर.
मी दार उघडलं.
थंडी आत आली, पायरीवर जरा थबकली.
दार मिटलं.

वायरलेसवर डेपोतून मर्टलचा आवाज:
चार नंबर, थांबलायस का रे?

काय सांगणार.
म्हटलं, दाढ दुखतेय.