कारणाचा रकाना

फॉर्मवर पाच पर्याय होते:
उच्च शिक्षण, विवाह, प्रकृती, चांगली संधी, इतर.
एचआरची तन्वी गोड आवाजात म्हणाली,
मॅडम, एकावर टिचकी मारा, नाहीतर सिस्टीम पुढं जात नाही.

वेर्ण्याच्या पठारावर चौदा वर्षं
माझं काम कारण शोधण्याचंच.
गोळीला चीर गेली. का?
दाब जास्त पडला. का पडला?
पंच झिजला होता. का झिजला?
बदलायची तारीख कुणीतरी पुढं ढकलली.
इथवर आलं की सगळे रिबेलोसाहेबांकडं बघत,
आणि रिबेलोसाहेब भिंतीवरल्या घड्याळाकडं.
चौथा 'का' आम्ही कधी विचारला नाही.

साहेब वाईट नव्हते.
छातीत दोन स्टेंट घालून नवव्या दिवशी ऑडिटला हजर.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या. आठवलं की हात कुठं ठेवावे कळत नाही.

आमच्याकडं एक कपाट आहे, माणूस उभा मावेल एवढं.
चाळीस अंश उष्णता, पंचाहत्तर टक्के दमटपणा.
औषध त्यात सहा महिने टिकलं
तर बाहेर दोन वर्षं टिकेल, असं आम्ही धरतो.
माणसांचा असा तक्ता कुणी मांडलेला नाही.

म्हार्दोळला कुंदा जायांच्या फाती विकते,
(गजरा म्हटलं की रागावते).
महिन्याचे पैसे मी आगाऊ दिलेले.
बस बोरीचा पूल ओलांडून येईतो दहा वाजत.
दुकान बंद, खिळ्याला केळीच्या पानात माझी फाती.
उघडावी तर कडा तांबूस.
शनिवारीही तसंच. दसऱ्यालाही.
तीन वर्षं पांढऱ्या जाया विकत घेतल्या, पाहिल्या नाहीत.

हेही कारण नव्हे, मला वाटतं.
उल्हास म्हणाला, घराचा हप्ता तुझ्या पगारावर आहे.
मिथिल काहीच म्हणाला नाही.
तो जिन्यातूनच विचारायचा, आई, आहेस?
शेजाऱ्याच्या दाराशी विचारतात तसं, चप्पल न काढता.

मग एका बुधवारी अंगात ताप, म्हणून दुपारीच परतले.
गल्लीतला मोती, ज्याला रोज रात्री मी बिस्किट घालते,
उन्हात मला बघून भुंकला,
चांगले दात काढून.
शेजारीण बाहेर आली: कोण गे?

आता हे कुठं लिहायचं?
'इतर'वर टिचकी मारली. खाली रकाना उघडला,
पन्नास अक्षरांचा.
लिहिलं: कुत्रा ओळखत नाही.
पुसलं.
लिहिलं: वैयक्तिक.
सिस्टीम पुढं गेली.

सोमवारी चार वाजता कुंदाच्या वाडीत गेले.
जाया मिटलेल्याच खुडायच्या असतात,
उमलतात मग टोपलीत, संध्याकाळी.
आज रजा गे? तिनं विचारलं.
मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळू नये अशी.
बोटं आपोआप मोजत होती, शंभराची एक ढिगली.
फोन वाजला. सावियो:
मॅडम, बॅच अडकलीय. परत चीर.
पंच बघ, म्हटलं. तारीख बघ.
आणि चौथा 'का' विचार.

पलीकडं बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, मॅडम, तिकडं कसला आवाज येतोय?

मोती होता, कुंपणाशी.
अजून भुंकत होता,
पण मधेमधे थांबून.