टप्प्याबाहेर

गोडोलीतल्या घरी, जेवणाची ताटं सारून,
जुन्या वेबिलाच्या पाठीवर मी साताऱ्याला धरून एक गोल काढतो.
गोल कसला, चेपलेल्या पेल्याचा काठ.
मुलाणी म्हणतो, हात तरी स्थिर ठेव,
घाटातली वळणं मी घेतली तेहतीस वर्षं, तू नुसता उभा होतास.

सात दिवस. परळी, ठोसेघर,
पवनचक्क्या पाठीशी टाकून पठारानं पश्चिमेला,
मग कोयनेच्या पाण्याकडं उतार, बामणोली,
परत चढून कास, पलीकडं मेढ्याचं खोरं
आणि वेण्णेच्या काठाकाठानं घर.
सहा किलोमीटरचा एक टप्पा, दिवसाला अडीच टप्पे.
मुलाणीच्या गुडघ्याला अर्धं तिकीट.

यातल्या प्रत्येक गावाला मी गेलोय.
गेलोय म्हणजे, पोचलोय.
वडाशेजारी गाडी वळवायची, मी मागं उभा,
येऊ दे, येऊ दे, बास,
पत्र्यावर थाप, की चला माघारी.
मुक्कामाची गाडी असली तर देवळात अंथरूण,
पहाटे कुणाच्या तरी चुलीवरचा धुरकट चहा.
गावामागून वर जाणारी वाट
पुढं कुठं उतरते, ते पाटीवर लिहिलेलं नसायचं.
डेपोच्या हिशेबात परळीची गाडी परळीची, मेढ्याची मेढ्याची,
जणू मधले डोंगर म्हणजे
गाड्यांना टेकायला बांधलेल्या भिंती.

आणि माणसं डोक्यावर गठुळी घेऊन उतरायची
नि भिंतीतून आरपार निघून जायची.

मालन यादी करते: दोन दिवसांच्या दशम्या,
शेंगदाण्याची चटणी, बॅटरी, मलम, सुईदोरा.
गवा आडवा आला तर काय, विचारते.
गव्याला साइड द्यायची, मुलाणी म्हणतो.

मग ती तिसऱ्या मुक्कामावर बोट ठेवते.
इथं गाव नाही, रस्ता नाही,
खालून सरळ जाता येतंय,
तुमची रेघ इथंच का वर चढलीय?

मी पेन्सिलीला टोक करायला घेतो.

भागाबाई झोरे. शेवटच्या थांब्याला उतरायची.
डालग्यात कोंबड्या. त्यांच्या तिकिटावरून दर खेपेला भांडण.
घर कुठं, म्हणून एकदा विचारलं तर म्हणाली,
डोंगराच्या पाठीला. तुमच्या तिकिटात बसत न्हाई ते.
त्या दिवशी माझ्याकडं सुटे नव्हते.
तिकिटाच्या मागं लिहिलं चौदा, भोवती गोल केला,
उतरताना मागून घ्या, म्हणालो.
तिनं मागितले नाहीत.
तिला वाचता येत नसेल, हे मला
परतीच्या दुसऱ्या फाट्यावर सुचलं.
सोमवारपासून माझी ड्युटी कोरेगावला.

एकोणीस वर्षं झाली.
एवढे गोल काढले तिकिटांवर, सगळे चुकते केले.

मालन काही बोलत नाही.
मसाल्याच्या डब्यामागची चिल्लर काढते,
दहाचं एक नाणं, दोनची दोन,
रुमालाच्या टोकात बांधते.
व्याज? मुलाणी विचारतो.
ती यादीत चहापत्ती नि साखर वाढवते.

वस्ती तिथं असेल की हलली असेल,
बाई असेल का, असली तरी
चौदा रुपयांसाठी डोंगर चढून आलेल्या दोन म्हाताऱ्यांवर
कुत्री सोडेल का, काही सांगता येत नाही.
नसलंच कुणी तर तिथंच पथारी टाकू.
सकाळी तसंही उतरायचंच आहे पाण्याकडं.

मुलाणी गुडघा चोळत कागद जवळ ओढतो.
चढ किती?
वेबिलात चढ नसतो. टप्पे असतात, माणसं असतात, पैसे असतात.
दीड टप्पा, मी थाप मारतो.

तो माझ्याकडं बघतो, आरशात बघायचा तसा,
आणि रिकाम्या वाटीवर चमच्यानं
दोनदा वाजवतो.