एक थांबा आधी

रात्रीचे दोन वाजलेत, एतेरी,
आणि तुझ्या खोलीतला गजर तू चौथ्यांदा वाजवून पाहिलास.
वाजतो गं तो. चारही वेळा वाजला.
भिंत पातळ आहे, मी म्हातारी आहे,
झोप दोघींनाही नाही,
तेव्हा ऐक.

परवा तू आलीस तेव्हा
जिन्यापाशीच थबकलीस.
रॉटरडॅमचे जिने असेच, शिडीचे सख्खे भाऊ.
बॅग छातीशी धरून, एकेक पायरी चाचपत चढलीस,
आणि मी कामाचं विचारलं तर अर्ध्यावरून म्हणालीस,
"क्रेन चालवते. बातुमीच्या बंदरात. चाळीस मीटरवर."
मी हसले नाही.
स्वयंपाकघरात जाऊन हसले.

तू आणलेल्या त्या लांब तपकिरी कांड्या
मी मेणबत्त्या समजून मरियमेपुढे उभ्या केल्या,
काडी ओढली,
तशी तू धावत आलीस, "इदालीना, खायचंय ते! आत अक्रोड आहेत!"
तेवढा वेळ
कुठे ठेवली होतीस भीती?

उंचीचं काही नाही, म्हणालीस.
इथे वर चढायचंच नसतं,
काचेच्या खोलीत बसून पडद्यात बघत दांडी हलवायची
आणि दहाच्या सुट्टीत कॉफी प्यायची
नऊ अनोळखी माणसांबरोबर.
त्या कॉफीनंच पोटात गोळा आलाय.

मी मिंडेलोहून आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते.
हेरिंग साफ करायच्या कारखान्यात काम.
ट्रामच्या कंडक्टरला थांब्याचं नाव सांगावं लागे,
आणि त्या नावात तीन ख, एक र,
मध्येच कुठेतरी एक खोकला.
त्याच्या आधीच्या थांब्याचं नाव सोपं होतं.
अकरा महिने मी तिथेच उतरले.
उरलेली वाट वाऱ्यातून चालत.
नवऱ्याला सांगायचे, चालणं तब्येतीला बरं.

मग एके दिवशी कंडक्टरनं तिकीट कापता कापता
ते अवघड नाव स्वतःच घेतलं, हळू,
लहान मुलाला भरवावं तसं,
आणि ट्राम माझ्या थांब्यावर थांबलीच नाही.
मी आभार मानले असतील असं तुला वाटेल.
मला इतका राग आला!
त्या वाटेवर एक बेकरी होती,
खिडकीत एक आळशी कुत्रा,
एवढीच माझी ओळखीची माणसं इथली.
दुसऱ्या दिवशी मुद्दाम
पुन्हा एक थांबा आधी उतरले.

भीती गेली का, विचारशील.
छे. अजून फोनवर कुणी भरभर बोललं
की रिसीव्हर ओला होतो हातात.
राहते ती माझ्याकडे, तुझ्याही आधीपासूनची भाडेकरू.
फक्त रात्री गजर वाजवत नाही.

जीव टांगणीला लागलाय तुझा, कळतं मला.
पण टांगणीचं मी तुला काय सांगू?
काल जेवताना मीच विचारलं होतं,
वीस टनांचा डबा वाऱ्यात झुलायला लागला तर काय करतेस?
तू काटा-चमचा खाली ठेवलास,
पहिल्यांदाच दोन्ही हात मोकळे करून बोललीस,
"विरुद्ध ओढायचं नाही, झोका वाढतो.
जिकडे जातोय तिकडे थोडं त्याच्या मागे जायचं.
मग तोच दमतो."

आता मला बाकी काही सुचत नाही.
मका-घेवड्याचं कालवण झाकून ठेवलंय, डब्यात भर.
पाच वीसची बस कोपऱ्यावरून सुटते,
ड्रायव्हरला नाव सांगावं लागत नाही हल्ली,
बटण दाबायचं.
जिना उतरताना तोंड पायऱ्यांकडे कर,
बातुमीत शिडी उतरायचीस तसं.
कॉफी पांचट असते, तेव्हा नऊच्या नऊ जण
तिच्याविषयी कुरकुर करतील. तूही कर.

आणि गजराची काळजी सोड, मी उठवीन.
दिवा मालव.
नाहीतर राहू दे, वीजबिल मी बघेन.

वाजला.
पाचव्यांदा.