नखाएवढा कागद

भरडावरून उतरताना, मासळी बाजाराच्या जरा अलीकडे,
आठ बाय दहाचं माझं दुकान.
पाटीवरच्या 'दुरुस्ती'तला 'दु' खाऱ्या वाऱ्याने नेला,
आता नुसतंच 'रुस्ती'. तरी लोक येतात.

आज हर्षाली मेस्त आली सर्जेकोटहून,
स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये
चादरीत बांधलेला सीपीयू घेऊन.
होड्या काढते ती ह्याच्यावर. फळी न् फळी, वाकण न् वाकण.
पण नाळ फिरवून बघायला गेली
की पडदा थिजतो.
"पास्कूमामा, रॅम वाढय. आठाची सोळा कर.
पैसे हाडलंय."

मी यंत्र वळवलं.
मागे, दोन स्क्रूंच्या मधोमध, नखाएवढा कागद:
काढल्यास वा फाटल्यास वॉरंटी रद्द.
बिल पाहिलं. तीन वर्षांतलं
एक वर्ष सात महिने शिल्लक.

मग सांगितलं ते, जे सगळ्यांना सांगतो.
की कंपनीचा माणूस कोल्हापुरास बसतो,
घाट उतरायला आठवडा घेतो,
आणि आला की आधी कागद बघतो, यंत्र नंतर.
की काही कंपन्यांची रॅमला हरकत नसते,
काहींची नुसत्या उघडण्यालाच असते,
काही फोनवर हो म्हणतात
आणि लिहून द्या म्हटलं की लाईन जाते.
की नव्या रॅमची हमी रॅमवाला देईल,
पण उद्या पॉवर सप्लाय उडाला
तर बोट माझ्याकडे.

"आत बघूचा पण नाय?"
"बघ ना. भोकांतून."
मोबाईलच्या उजेडात आम्ही दोघं जाळीला डोळे लावून.
एक खाच भरलेली. तिच्या शेजारी दुसरी,
कारखान्यातच रिकामी ठेवलेली,
येणाऱ्यासाठी पाट मांडावा
आणि दाराला बाहेरून कडी घालावी, तशी.

तेवढ्यात बाबल मेस्त आत आले,
बिडी पायरीवर विझवून.
"म्हणजे इकत घेतलेलो, पण उघडूचो नाय?"
"उघड रे. पण मगे तुझा तू."
ते हसले. "माझ्या होडयेक चिठी लावची पाळी इली नाय कधी.
फळी कुसली, बदल. इंजान मोठा व्हया, बसय.
म्हणान माका कधी वाटाक नाय
की ही होडी माझी न्हय."
मग जरा वेळाने, बाहेर बघत,
"पण बुडली तर निज येणा नाय."

मी उगाच कागदावरून अंगठा फिरवला.
तो हलला.
एक कड कधीच सुटली होती,
गोंद ओलीने सोडलेला,
स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस भुरी.
वॉरंटीचं पुस्तक काढलं, चष्मा लावला.
कलम नऊ: समुद्राची हवा, क्षार, ओल, मुंग्या
यांनी झालेलं नुकसान वगळून.
मालवणात ह्या चार गोष्टी वगळल्या
तर उरतं काय?

हर्षालीनेच माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला.
पहिला स्क्रू करकरला, दुसरा सहज आला,
तिसऱ्याला खोबरेल लावावं लागलं.
रॅम बसली तेव्हा दोन्ही बाजूंनी टक् आवाज झाला.
तो आवाज मला आवडतो. वीस वर्षं झाली, अजून.

जुन्या वहीत मी पेन्सिलने लिहिलं:
मेस्त, सर्जेकोट. सहा महिने. माझी जबाबदारी.
लिहिताना हात थोडा अडला, खोटं कशाला बोलू.
तो कागद त्याच पानावर चिकटवायला गेलो,
चिकटेना. टाचणी लावली.

पडद्यावर होडी फिरली.
एकदा, मग पुन्हा, न थांबता,
तळ वर, मग काठ, मग नाळ समोर.
बाबल मेस्तांनी खुर्ची जवळ ओढली,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"नाळ उभी झाली गो," शेवटी म्हणाले.
"लाट अंगार घेतली. जरा आडवी कर."
तिने केली.